दीर्घ आजाराचे श्रम आणि अखेरच्या काळातील शुश्रूषा : संशोधनाच्या आधारे एक विवेचन

बीजसंज्ञा : दीर्घकालीन आजार, आजारपणाचे श्रम, उपचारभार, उपशामक शुश्रूषा, घरगुती शुश्रूषा

प्रास्ताविक

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, ७५ टक्क्यांपेक्षा कमी उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम वर्ग समन्वयक या नात्याने माझ्याकडे होते. यादीत द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे नाव होते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी तिची गैरहजेरी इतकी नियमित होती की ती कोठेतरी अर्धवेळ नोकरी करीत असावी, असा तर्क मी केला आणि यादी सूचना फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. हातात प्लास्टिकची फाईल होती. "सर, मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबांचं डायलिसिस असतं," एवढेच ती म्हणाली. पहाटे सहाच्या गाडीने निघायचे, तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, चार तास यंत्रापाशी थांबायचे आणि वडिलांना सावकाश घरी आणायचे. यात दुपारचा एक वाजून जात असे. भाऊ लहान, आई शेतमजुरीला. म्हणजे हे काम तिचेच.

त्या वेळी मी तिला काय उत्तर दिले ते येथे महत्त्वाचे नाही. पुढे अनेक दिवस मनात राहिला तो प्रश्न असा की, ही मुलगी आठवड्यातील तीन दिवस जे करते त्याला नाव काय? रुग्णालयाच्या कागदावर ती 'नातेवाईक' आहे. घरात ती मुलगी आहे आणि जे करते ते तिचे कर्तव्य आहे. महाविद्यालयाच्या दप्तरात ती अनियमित विद्यार्थिनी आहे. या तिन्ही नोंदींत तिने केलेले काम कोठेही दिसत नाही.

दीर्घ आजार आणि आयुष्याचा अखेरचा टप्पा यांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती प्रामुख्याने दोन अंगांनी होते. एक अंग कायद्याचे, म्हणजे सन्मानाने मरण्याचा हक्क, इच्छापत्र, दयामरण इत्यादी. दुसरे भावनेचे, म्हणजे सेवा, पुण्य, ऋण आणि कर्तव्य. गेल्या साठ वर्षांतील समाजशास्त्रीय व वैद्यकीय संशोधन मात्र एका तिसऱ्या दिशेने निर्देश करते. आजार सांभाळणे हे काम आहे. त्याला वेळ, कौशल्य आणि शरीरबळ लागते. आणि शेवट जवळ येतो तसे ते कमी न होता वाढत जाते, असे हे संशोधन सांगते. प्रस्तुत लेखात या संशोधनाची ओळख करून देऊन आपल्या परिस्थितीत त्याचा अर्थ काय होतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

माहीत असणे आणि न बोलणे

मरणाच्या समाजशास्त्रीय अध्ययनाची सुरुवात बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अवेअरनेस ऑफ डाइंग' या ग्रंथापासून मानण्यास हरकत नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत प्रत्यक्ष राहून, परिचारिका, डॉक्टर, रुग्ण आणि आप्त यांच्यातील व्यवहार पाहून त्यांनी हे अध्ययन केले. रुग्ण मरणार आहे हे कोणाला माहीत आहे आणि माहीत असल्याचे कोण कोणाला दाखवतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावरून त्यांनी चार अवस्था सांगितल्या : रुग्णाला काहीच माहीत नाही, रुग्णाला संशय आहे, दोघांनाही माहीत आहे पण दोघेही माहीत नसल्यासारखे वागतात, आणि दोघेही मोकळेपणाने बोलतात.

यांतील तिसरी अवस्था आपल्या घरांना सर्वांत परिचित आहे. 'आईला सांगू नका' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा वाचक विरळा. अहवाल कपाटाच्या वरच्या फळीवर जातो, डॉक्टरांशी बोलणे अंगणात होते, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सूचना दिली जाते. इकडे आईला सर्व कळलेले असते आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तीही 'पुढच्या दिवाळीला' काय करायचे ते बोलत राहते. याला आपण माया म्हणतो आणि ती माया असतेही. परंतु ग्लेझर आणि स्ट्रॉस यांच्या विश्लेषणातून एक वेगळी गोष्ट लक्षात येते. हे नाटक टिकवावे लागते. त्यासाठी सतत सावध राहावे लागते, कोणाला काय सांगितले ते लक्षात ठेवावे लागते, रडायचे असेल तर मोरीत जाऊन रडावे लागते. मौन हेही श्रमच आहेत आणि घरात जो सर्वाधिक काळ रुग्णाजवळ असतो त्याच्याच वाट्याला ते येतात.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथातील पाच अवस्था (नकार, क्रोध, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) आपल्या पाठ्यक्रमांत ग्लेझर-स्ट्रॉस यांच्यापेक्षा कितीतरी अधिक लोकप्रिय झाल्या. परीक्षेला पाच मुद्दे सोयीचे पडतात हे त्याचे एक कारण असावे. त्या अवस्था मरणाऱ्याच्या मनाचे वर्णन करतात. त्याचे अंथरूण कोण बदलते, याविषयी त्या काही सांगत नाहीत.

घरातील तीन प्रकारचे काम

आजारपणाकडे काम म्हणून पाहण्याची स्पष्ट मांडणी ज्युलिएट कॉर्बिन आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९८५ साली केली आणि १९८८ मध्ये 'अनएंडिंग वर्क अँड केअर' या ग्रंथात ती विस्ताराने आली. साठ जोडप्यांच्या मुलाखतींवर हे अध्ययन आधारलेले होते. प्रत्येक जोडप्यातील एकाला तरी दीर्घकालीन आजार होता. आजार घरात आला की घरात तीन प्रकारची कामे एकाच वेळी चालतात, असे त्यांनी दाखवले. पहिले काम आजाराचे : औषधे, पथ्य, तपासण्या, जखमेची मलमपट्टी, अचानक उद्भवणारा धोका ओळखणे. दुसरे रोजच्या जगण्याचे : स्वयंपाक, मिळकत, मुलांचे शिक्षण, भाडे, वीजबिल. आजार आला म्हणून ते थांबत नाही. तिसरे काम त्यांनी 'चरित्राचे काम' म्हटले. आपण कोण होतो, आता कोण आहोत, पुढे काय करू शकणार नाही, याची स्वतःशी नव्याने जुळणी करणे म्हणजे हे काम होय. मायकेल बरी यांनी १९८२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांच्या अध्ययनातून दीर्घ आजाराला 'चरित्रातील खंड' असे म्हटले होते. त्या खंडावर पूल बांधण्याचे हे काम, असे म्हणता येईल.

या मांडणीचे महत्त्व असे की ही तीनही कामे एकाच वेळेवर, एकाच पैशावर आणि एकाच माणसाच्या शक्तीवर हक्क सांगतात. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होते. औषधे वेळेवर झाली तर पोळ्या उशिरा होतात. दोन्ही वेळेवर झाले तर ज्याने ते केले त्याची झोप जाते. 'रुग्ण पथ्य पाळत नाही', 'नातेवाईक निष्काळजी आहेत' असे शेरे आपण सहज मारतो. त्यांच्यामागे पुष्कळदा दोष स्वभावाचा नसून या तीन कामांच्या ओढाताणीचा असतो.

येथे एक वैयक्तिक नोंद करणे भाग आहे. मी एम.फिल.चा प्रबंध लिहीत होतो त्या वर्षी आजी फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने घरीच होती. सारा जन्म चुलीपुढे गेलेला. रात्री तिचा श्वास अडला की आई उठून नेब्युलायझर लावायची, पाठीशी उशा रचायची, पहाटेपर्यंत बसून राहायची आणि साडेपाचला पाणी भरायला उठायची. मी शेजारच्या खोलीत टंकलेखन करीत होतो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक या सर्वांचे आभार आहेत. आईचेही आहेत, 'प्रोत्साहनाबद्दल'. जिच्यामुळे माझी खोली शांत राहिली, ते तिचे काम मला त्या वेळी दिसलेच नव्हते.

हे काम मोजले जाते का? भारतात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये कालवापर सर्वेक्षण केले. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातील व्यक्तींच्या देखभालीचे काम करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. हे काम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देते, तर पुरुष ७४ मिनिटे. या देखभालीत बालसंगोपनाचाही समावेश आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. सर्वेक्षण अर्ध्या अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी दिवसाची नोंद घेते. परंतु अर्धवट झोपेत कान उघडा ठेवून रुग्णाचा श्वास ऐकत पडून राहणे, ही झोप की काम? अशी रात्र कोणत्या रकान्यात लिहावी हे सांगणे कठीण आहे. बहुधा ती झोपेत जमा होत असावी.

उपचारभार

आजाराचे ओझे आणि उपचाराचे ओझे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव वैद्यकीय संशोधनात तुलनेने उशिरा आली. २००५ साली 'जामा' या नियतकालिकात सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग मांडला. ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेतली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, फुफ्फुसाचा जुनाट आजार, अस्थिसंधिवात आणि हाडांची ठिसूळता असे पाच सर्वसाधारण विकार आहेत. प्रत्येक विकाराची प्रमाणित मार्गदर्शक तत्त्वे तंतोतंत पाळली तर काय होईल? तिला १२ औषधे घ्यावी लागतील, महिन्याला ४०६ डॉलर खर्च येईल, शिवाय आहार-व्यायामाची एक लांबलचक दिनचर्या सांभाळावी लागेल, आणि एका विकाराचा सल्ला दुसऱ्या विकारास बाधकही ठरू शकेल. प्रत्येक सल्ला स्वतंत्रपणे योग्य होता, पण एकत्रितपणे ते सर्व पाळणे जवळजवळ अशक्य होते.

२००९ मध्ये कार्ल मे, व्हिक्टर मोंटोरी आणि फ्रान्सेस मेअर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'जीवनात कमीत कमी व्यत्यय आणणारे वैद्यक' ही संकल्पना मांडली. त्यांच्या लेखात हृदयविकाराचा एक रुग्ण आणखी एका विशेष चिकित्सालयात जाण्यास नकार देतो. हट्टी वाटणाऱ्या या नकारामागे हिशेब होता : मागील दोन वर्षांत त्याने विविध तज्ज्ञांकडे ५४ फेऱ्या केल्या होत्या, म्हणजे सुमारे दर पंधरवड्याला एक पूर्ण दिवस. उपचार न पाळणाऱ्या रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी या लेखाने बदलली. रुग्ण सल्ला पाळत नाही, याचे कारण सल्ला पाळण्याची क्षमताच संपली आहे, असे असू शकते. काम आणि क्षमता यांचे गणित बिघडले की उपचार सुटतो, आजार वाढतो, मग आणखी उपचार सांगितला जातो.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरी हा हिशेब केला तर काय दिसते? आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे वर्षाला १५६. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि सरकारी योजनांमुळे यंत्रावरील उपचाराचा खर्च अनेक गरीब कुटुंबांसाठी कमी झाला, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु योजनेत यंत्र मोफत असते. बसभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस मोफत नसतो. उरलेले चार दिवसही सुटीचे नसतात. पाणी तांब्याने नव्हे तर मापाने द्यायचे. भाजी चिरून पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, कारण त्यात पोटॅशियम असते. आजाऱ्याला भेटायला येणारा हमखास केळी किंवा शहाळे घेऊन येतो आणि नेमके तेच वर्ज्य. पाहुण्याला न दुखावता ते बाजूला ठेवायचे. ज्या हातावर फिस्टुला आहे त्या हाताने ओझे उचलू द्यायचे नाही, त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. रोज सकाळी वजन. ही सगळी तांत्रिक कामे आहेत आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलगी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय ती शिकली आहे.

डायलिसिसने प्राण वाचतात, याविषयी शंका नाही. मध्यमवयीन रुग्णाला, विशेषतः प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर, हा भार उचलण्याजोगा आहे. पण हाच उपचार अतिवृद्ध आणि परावलंबी रुग्णाला दिला तर? २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मंजुला कुरेला तामुरा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३,७०२ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्वजण तेथील नर्सिंग होममध्ये, म्हणजे आपल्याकडील छोट्या रुग्णालयात नव्हे तर परावलंबी वृद्धांच्या निवासी संस्थेत, राहत होते आणि त्यांचे डायलिसिस नव्याने सुरू झाले होते. वर्षअखेरीस त्यांतील ५८ टक्के मरण पावले होते. डायलिसिसपूर्वी स्वतःचे जेवढे काम ते स्वतः करू शकत होते तेवढी क्षमता केवळ १३ टक्के जणांची टिकली होती. अशा रुग्णाच्या बाबतीत 'शक्य ते सर्व करा' या वाक्याचा अर्थ काय, हे कुटुंबाला आधी कोणीतरी समजावून सांगायला हवे. बहुतेक वेळा ते कोणी सांगत नाही, आणि 'सर्व करणे' ही मुलांच्या प्रेमाची परीक्षा ठरते.

शेवट केव्हा सुरू होतो?

अखेरच्या काळातील शुश्रूषेची आधुनिक चळवळ सिसिली साँडर्स यांच्यापासून सुरू झाली. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि मग डॉक्टर असा त्यांचा प्रवास होता. १९६७ मध्ये त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मॉर्फिन देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली आणि शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही अंगांची मिळून एक 'समग्र वेदना' असते, असे प्रतिपादन केले. ही चळवळ मुख्यतः कर्करुग्णांभोवती वाढली. कर्करोगात रुग्ण बराच काळ हिंडता-फिरता असतो आणि मग थोड्या आठवड्यांत झपाट्याने खालावतो; त्यामुळे 'शेवट' ओळखता येतो.

इतर आजारांत तसे होत नाही. जोअॅन लिन आणि डेव्हिड अॅडमसन यांनी २००३ मध्ये आणि स्कॉट मरे व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अखेरच्या काळाचे तीन मार्ग दाखवून दिले. पहिला वर सांगितलेला कर्करोगाचा. दुसरा हृदय, फुफ्फुस यांसारख्या अवयवांच्या निकामी होण्याचा : रुग्ण हळूहळू खचत जातो, मध्येच अत्यवस्थ होतो, दवाखान्यातून बरा होऊन येतो, पुन्हा अत्यवस्थ होतो. तिसरा वार्धक्यातील दुर्बलता आणि स्मृतिभ्रंशाचा, वर्षानुवर्षे मंद उतरणीचा. दुसऱ्या मार्गावर घरच्यांची अवस्था सर्वांत बिकट असते. आजी अत्यवस्थ झाली की आत्या, काका गोळा व्हायचे, गंगाजलाची बाटली उशाशी यायची. चौथ्या दिवशी आजी चहा मागायची. असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी कोणी लगेच निघाले नाही. कोणता झटका अखेरचा, हे झटका येऊन गेल्यावरच कळते. म्हणून 'शेवटच्या सहा महिन्यांसाठी' आखलेली सेवा या घरांपर्यंत पोहोचतच नाही.

शेवट ओळखला, माहिती दिली, म्हणजे सर्व सुधारेल असेही नाही. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांवर झालेला 'सपोर्ट' हा प्रकल्प १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाची इच्छा आणि रोगाचे भवितव्य डॉक्टरांपर्यंत पोहोचावे म्हणून खास परिचारिका नेमूनही काळजीच्या स्वरूपात फरक पडला नाही. रुग्णालयात मरण पावलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना शेवटच्या दिवसांत बराच वेळ तीव्र वा मध्यम वेदना होत्या, असे आप्तांनी सांगितले. याउलट २०१० साली जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात निदानानंतर लगेचच उपशामक शुश्रूषा दिली. या गटात जीवनमान सुधारले, अखेरचे आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही मध्यम आयुर्मान ११.६ महिने राहिले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ते ८.९ महिने होते. एका प्रयोगावरून आयुर्मानाविषयी सरसकट विधान करणे योग्य नाही. पण 'उपशामक शुश्रूषा म्हणजे हात टेकणे' या समजाला त्याने धक्का दिला. आजाराच्या आरंभापासून भार हलका करणारी सेवा म्हणून तिच्याकडे पाहता येते.

काम कोणाचे, निर्णय कोणाचा?

या संदर्भात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचे प्रकरण पुन्हा वाचण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११ चा निर्णय आपल्याकडे निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः मान्यता देणारा म्हणून शिकवला जातो. त्यातील दुसरा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला होता. न्यायालयाने त्यांच्या सद्भावनेचा आदर करूनही असे ठरवले की, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षे रात्रंदिवस त्यांची काळजी घेणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे. आणि त्यांना त्या जगायला हव्या होत्या. ज्यांनी काम केले, त्यांचा शब्द प्रमाण, असे हे तत्त्व होय.

हे तत्त्व घराला लावून पाहिले की अडचण लक्षात येते. रुग्णालयात हे काम पाळ्यांनी वाटलेले होते; एक परिचारिका घरी गेली की दुसरी येत असे. घरात पाळी बदलत नाही. आणि जी सून किंवा मुलगी काम करते, तिला निर्णय क्वचितच विचारला जातो. निर्णय पुण्याहून, मुंबईहून, हल्ली न्यू जर्सीहून फोनवर होतो. अमेरिकन वैद्यकीय साहित्यात १९९१ पासून 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असा एक वाक्प्रचारच आहे : दूर राहणारे अपत्य शेवटच्या क्षणी येते आणि सर्व उपचार करण्याचा आग्रह धरते. आपल्याकडे बहुधा तो मुलगा असतो. त्याच्या अपराधी भावनेची किंमत अतिदक्षता विभागाच्या बिलात आणि वहिनीच्या पाठदुखीत मोजावी लागते.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सुलभ केली. न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो करता येतो. प्राध्यापक वर्गाने तरी हा दस्तऐवज समजून घ्यावा. मात्र त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिताना, प्रत्यक्ष शुश्रूषा कोण करणार आहे, हा विचार अवश्य व्हावा.

केरळचा अनुभव आणि आपण

कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. त्यातून २००१ मध्ये शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. ग्रामपंचायतीच्या पातळीवर परिचारिका घरी येते, लघवीची नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना ते शिकवते. कामाच्या भाषेत सांगायचे तर रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात आणि घरातील एका माणसाचे काम गावातील चार माणसांत वाटले जाते. केरळमधील साक्षरता आणि विकेंद्रीकरण यांची परंपरा वेगळी आहे, त्यामुळे हे जसेच्या तसे उचलता येणार नाही, हा आक्षेप योग्यच आहे.

महाराष्ट्रात आरंभ त्याआधी झाला होता. मुंबईतील शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस १९८६ साली सुरू झाले. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हींचा आरंभ कर्करुग्णांसाठी झाला आणि दोन्ही महानगरांत आहेत. मॉर्फिनची कथा तर अधिक विचित्र आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकवणाऱ्या या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या गुंत्यामुळे वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने तो गुंता बराच सोडवला. तथापि कायदा बदलला म्हणजे तालुक्याच्या औषधालयात गोळी आली असे होत नाही. वेदना शमली नाही की रुग्ण रात्रभर जागा, आणि त्याच्यासोबत घरही.

महाविद्यालयापुरते

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजसेवा करावी अशी अपेक्षा असते. आमच्या विद्यार्थिनीचे आठवड्याला किमान २१ तास वडिलांसोबत जातात, घरचे काम वेगळे. म्हणजे १२० तास ती सहा आठवड्यांच्या आत पूर्ण करते. अनोळखी वृद्धाची सेवा केली तर प्रमाणपत्र, आणि स्वतःच्या वडिलांची केली तर गैरहजरांच्या यादीत नाव, अशी ही व्यवस्था आहे. सवलतीच्या अर्जात 'विद्यार्थ्याचा आजार' असा रकाना आहे. 'घरातील रुग्णाची शुश्रूषा' असा नाही. तिच्या अर्जावर मी तो रकाना पेनाने वाढवला आणि प्राचार्यांनी तो मान्य केला.

प्रत्येक वर्गात अशी किती मुले आहेत, हे आपण विचारलेलेच नाही. प्रवेशअर्जात पालकांचे उत्पन्न, जात, बँक खाते सर्व असते. घरात दीर्घकालीन रुग्ण आहे काय आणि त्याची देखभाल कोण करते, ही दोन वाक्ये त्यात घालणे अवघड नाही. मात्र ती माहिती विद्यार्थ्याच्या संमतीने आणि गोपनीय राहील अशा रीतीने घ्यावी लागेल. समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि मानसशास्त्र या विभागांना त्यातून स्थानिक पातळीवर एक उपयुक्त संशोधनही करता येईल. चालू सत्रात आमच्या विभागाने तृतीय वर्षाचे ट्यूटोरियल आणि प्रकल्पाच्या बैठका सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा ठेवल्या आहेत. उरलेल्या तीन दिवसांच्या तासिकांची टिपणे तिची एक मैत्रीण लिहून देते.